वर्षाला १० लाख घड्याळं, तरी दुकानात विकायला एकही नाही: रोलेक्सची पत टिकते कशी?

काटेकोर (धागाकर्ता)

रोलेक्सच्या अधिकृत दुकानात काचेआड सबमरीनर, डेटोना, जीएमटी असं सगळं मांडलेलं दिसतं. शेजारी छोटी पाटी: 'केवळ प्रदर्शनासाठी'. घड्याळ आहे, गिऱ्हाईक आहे, खिशात पैसे आहेत, आणि व्यवहार होत नाही. नाव नोंदवा, कळवू. (कोपऱ्यावरच्या वाण्याने असं केलं तर दुसऱ्या दिवशी आपण वाणी बदलू.)

गंमत अशी की माल तसा दुर्मिळ नाही. कंपनी उत्पादनाचा आकडा सांगत नाही, पण विश्लेषकांचे अंदाज वर्षाला १० लाखांच्या पुढचे आहेत. पाटेक फिलिप ही दुसरी महागडी स्विस कंपनी ७० हजारांच्या आसपास करते, तिची टंचाई समजू शकते. १० लाख नग म्हणजे चक्क कारखानदारी.

मग ही पत आली कुठून? 'जाहिरात भारी' हे उत्तर मला पटत नाही. जाहिरात सगळेच करतात. माझ्या मते मुळाशी माल कोणाच्या हातून, कोणत्या भावाने बाहेर जाईल यावरचा ताबा आहे, आणि त्याची सुरुवात डायलवरच्या नावापासून होते.

रोलेक्सचा संस्थापक हान्स विल्सडॉर्फ जर्मनीत बव्हेरियातल्या कुल्मबाखचा. १९०५ मध्ये त्याने मेव्हणा आल्फ्रेड डेव्हिसबरोबर लंडनला पेढी काढली. मशीन स्वित्झर्लंडमधल्या बीएन गावच्या एग्लरकडून आणायचं, केसमध्ये (बाहेरच्या धातूच्या कवचात) बसवायचं आणि इंग्लंडमधल्या जवाहिऱ्यांना घाऊक विकायचं. त्या काळी डायलवर नाव असे ते विकणाऱ्या जवाहिऱ्याचं. १९०८ मध्ये 'रोलेक्स' हे नाव नोंदवलं: लहान, युरोपातल्या कोणत्याही भाषेत उच्चारता येणारं, छोट्या डायलवर मावणारं. पण जवाहिरा स्वतःचं नाव पुसून दुसऱ्याचं कशाला मिरवेल? विल्सडॉर्फने ६ घड्याळांच्या खोक्यात एकावर रोलेक्स छापलं. ओरड झाली नाही, तेव्हा दोनांवर. मग तीनांवर. सगळ्या सहांवर नाव यायला विसाच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला.

तोवर गिऱ्हाईक जवाहिऱ्याचं होतं, त्यानंतर ते कंपनीचं झालं. दुकानदाराला पुढे जी शिस्त लावता आली ती या बळावर.

जाणकारांनी भर घालावी. चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

---

लोलक

धागा छान. नावाइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे तिऱ्हाइताचा दाखला. 'आमचं घड्याळ अचूक आहे' असं स्वतः म्हणण्यात अर्थ नसतो, हे विल्सडॉर्फला फार लवकर कळलं होतं. १९१० मध्ये बीएनच्या अधिकृत तपासणी केंद्राकडून मनगटी घड्याळासाठी क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेच्या कसोटीला उतरल्याचं, प्रमाणपत्र घेतलं. १९१४ मध्ये इंग्लंडच्या क्यू वेधशाळेचं 'अ' वर्गाचं. ती चाचणी ४५ दिवसांची, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत, आणि तोवर मोठ्या जहाजी घड्याळांसाठी राखलेली. मनगटी घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना असं पुरुष समजत होते तो काळ. त्यामुळे हा कागद फार मोलाचा ठरला.

१९२६ मध्ये ऑयस्टर केस आली. मागचं झाकण आणि चावी दोन्ही आट्यांनी घट्ट बसणारी, म्हणजे पाणी आणि धूळ आत जायच्या मुख्य वाटाच बंद. पण ते लोकांना पटवायचं कसं? दुकानांच्या काचेत मासे सोडलेल्या भांड्यात चालू घड्याळ ठेवायला लावलं. आणि १९२७ मध्ये इंग्लिश जलतरणपटू मर्सेडीस ग्लाइट्झ.

इथे बहुतेक लेखांत एक घोटाळा असतो, तो सांगून ठेवतो. 'ग्लाइट्झ रोलेक्स घालून इंग्लिश खाडी पोहून गेली' असं छापतात. ती खाडी पोहून गेली ७ ऑक्टोबरला, तेव्हा घड्याळ नव्हतं. पुढे दुसऱ्या एका बाईने खोटा दावा केल्यामुळे ग्लाइट्झवरही संशय आला, म्हणून २१ ऑक्टोबरला ती पुन्हा उतरली. घड्याळ होतं ते या वेळी, तेही गळ्यात फितीला बांधून. थंडगार पाण्यात १० तासांहून अधिक काढल्यावर तिला बाहेर ओढावं लागलं. पोहणं अपुरं राहिलं, घड्याळ मात्र चालू होतं. २४ नोव्हेंबरला 'डेली मेल'चं अख्खं पहिलं पान विकत घेऊन विल्सडॉर्फने जाहिरात केली ती घड्याळ टिकल्याची.

---

उंबरठा

अवांतर: एव्हरेस्टचंही तसंच. १९५३ च्या मोहिमेला रोलेक्सने घड्याळं दिली होती आणि एक्सप्लोरर मॉडेल त्याच वर्षीचं. पण मोहिमेत स्मिथ्स या इंग्रजी कंपनीचीही घड्याळं होती आणि शिखरावर हिलरीकडे स्मिथ्स होतं. आज स्मिथ्सचं नाव जुन्या घड्याळांच्या शौकिनांपलीकडे कोणाला ठाऊक नाही.

---

गल्ला

काटेकोर, तुमचा मुद्दा बरोबर दिशेने आहे, पण ताबा म्हणजे नेमकं काय ते हिशेबातच दिसेल. आकडे समजुतीसाठी धरले आहेत.

छापील किंमत १००. दुकानदाराला घड्याळ ६५ ला पडतं. कंपनीला तिमाहीचा आकडा गाठायचा असतो, म्हणून ती म्हणते, चालणारे ५ नग हवे असतील तर न चालणारे २० उचला. दुकानदार उचलतो. पाच आठवड्यात जातात, वीस पडून राहतात. वीस नगांत अडकलेलं भांडवल, त्यावरचं व्याज आणि विमा. सहा-आठ महिन्यांनी तो दार लावून ते वीस नग ७२ ने व्यापाऱ्याला देतो. व्यापारी ते ८० ला संकेतस्थळावर टाकतो. खोकं अस्सल, वॉरंटी कार्ड अस्सल, फक्त अधिकृत दुकान नाही. हाच ग्रे मार्केट.

आता ज्याने गेल्या महिन्यात १०० मोजले त्याला हे ८० दिसतं. तो पुन्हा १०० देणार नाही. पुढच्या वेळी दुकानात येऊन 'किती कमी करता?' विचारेल. दुकानदाराच्या ३५ पैकी १५ तिथेच गेले. कमी नफ्यात तो दर्शनी कपाट तुम्हाला का देईल? ते दुसऱ्या ब्रँडला जातं. घसरण सुरू झाली की किंमत वाढवून थांबत नाही. छापील किंमत १२० केली तर ग्रेवाला ९० ला विकतो, एवढाच फरक.

बाहेर पडलेला माल परत ओढायला काय पडतं बघा. कार्टिए ज्या समूहात आहे त्या रिशमाँने मार्च २०१८ पर्यंतच्या दोन आर्थिक वर्षांत जगभरच्या दुकानदारांकडून सुमारे ४८ कोटी युरोची घड्याळं परत विकत घेतली. पुष्कळशी मोडून सोनं आणि सुटे भाग परत वापरात घेतले. कपड्यांत तर जाळत असत. बर्बरीने २०१७-१८ या एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केल्याचं तिच्याच अहवालात होतं. बोंब झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ती पद्धत बंद केली. सेल लावण्यापेक्षा जाळणं स्वस्त वाटावं, इतकी धास्ती त्या ८० रुपयांच्या पाटीची.

रोलेक्स यातून सुटली कारण तिला तिमाहीचा आकडा गाठायचाच नसतो. १९६० मध्ये विल्सडॉर्फ वारला. त्याला मूल नव्हतं, मालकी हान्स विल्सडॉर्फ न्यासाकडे आहे. भागधारक नाहीत, शेअर बाजार नाही. मागणीपेक्षा थोडा कमी माल सोडायचा आणि मंदीत हात आखडता घ्यायचा, हे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या व्यवस्थापकाने केलं तर त्याची खुर्ची जाते.

---

मनगट

म्हणजे टंचाई मुद्दाम केलेली आहे ना? साधा प्रश्न आहे, हो किंवा नाही सांगा.

---

गल्ला

हो-नाही मध्ये बसत नाही हो. डेटोनाचंच घ्या.

१९६३ ला आलं. चावी देऊन चालणारं क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ), सत्तरच्या दशकात कोणी विचारेना. दुकानात पडून राहायचं, सूट देऊन काढायचे. १९८८ मध्ये आपोआप चावी भरणारं आलं, पण त्यातलं मशीन झेनिथ या दुसऱ्या स्विस कंपनीच्या एल प्रिमेरोवर बेतलेलं. तासाला ३६,००० ठोक्यांचं मशीन २८,८०० वर आणलं आणि बराच भाग बदलला. मूळ मशीन बाहेरून येणार म्हणजे संख्या झेनिथ देईल तेवढीच. प्रतीक्षा यादीची सवय बाजाराला लागली ती त्या खऱ्या अडचणीतून. २००० मध्ये स्वतःचं ४१३० मशीन आलं, अडचण संपली. यादी मात्र आजही आहे.

त्यातही सत्तरच्या दशकात जो वेगळ्या आकड्यांचा डायल सर्वांत कमी खपायचा, तोच पुढे अमेरिकी नट पॉल न्यूमनच्या नावाने गाजला. न्यूमनचं स्वतःचं घड्याळ २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. हा भाव कंपनीने ठरवलेला नाही. नशीबही असतं.

---

काटेकोर

मनगट, एक पुस्ती जोडतो. स्टीलच्या बाबतीत निवड मुद्दाम आहे असं माझं मत. एक मशीन, एक कारागीर, एक तास. तो स्टीलच्या केसवर घालवायचा की सोन्याच्या? सोन्याच्यात मिळकत कितीतरी जास्त. मग मागणी वाढली म्हणून स्टीलचेच नग वाढवत बसण्यात कंपनीला काय रस? पाटेकने तर २०२१ मध्ये सर्वांत मागणी असलेलं स्टीलचं नॉटिलस ५७११ सरळ बंदच केलं. त्याच वर्षी टिफनी या अमेरिकी जवाहिऱ्यासाठी निळसर हिरव्या डायलचे १७० नग काढले, त्यातला एक डिसेंबरमध्ये लिलावात ६५ लाख डॉलरला गेला.

दुसऱ्या बाजूने, रोलेक्स स्वित्झर्लंडमधल्या बुल गावात नवा कारखाना बांधते आहे आणि तो २०२९ च्या सुमाराला सुरू व्हायचा आहे. टंचाईच हवी असती तर एवढा खर्च कोण करेल?

---

झरोका

आतापर्यंत किमतींच्या शिडीबद्दल कोणी बोललं नाही. पायऱ्या कुठे आहेत त्यापेक्षा कुंपणं कुठे घातली आहेत ते बघा.

रोलेक्सचं डे-डेट १९५६ चं. ते सोनं किंवा प्लॅटिनम यातच मिळतं, स्टीलमध्ये विक्रीला कधीच नाही. वार शब्दात लिहिलेला दिसला की दुरूनच कळतं, महागडं आहे. हे कुंपण ६०-७० वर्षं मोडलेलं नाही. मोडलं असतं तर एका वर्षात लाखभर स्टीलची विकली गेली असती आणि सोन्याची पडून राहिली असती.

खालच्या बाजूचं कुंपण म्हणजे ट्यूडर, रोलेक्सचाच दुसरा ब्रँड. नाव १९२६ मध्येच नोंदवलेलं, वेगळी कंपनी १९४६ ची. केस रोलेक्सच्या धाटणीची, मशीन बरीच वर्षं बाहेरून घेतलेलं, किंमत कमी. स्वस्तात हवं असणाऱ्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणावं लागत नाही आणि रोलेक्स नावाची किंमतही खाली येत नाही.

कुंपण उलट्या बाजूने तोडण्याचं धाडस ओडमार पिगे या स्विस कंपनीने १९७२ मध्ये केलं. डिझायनर जेराल्ड जेंटाने काढलेलं रॉयल ओक, ३९ मिलिमीटरचं, अष्टकोनी बेझल (काचेभोवतीचं कडं), त्यावर षट्कोनी ८ स्क्रू उघडे दिसणारे. स्टीलचं, आणि किंमत ३,३०० स्विस फ्रँक. सोन्याची घड्याळं त्याहून स्वस्त मिळत होती. ते स्क्रू पांढऱ्या सोन्याचे आहेत आणि स्टीलवर घासकाम इतकं बारीक आहे की कडेला घासलेला आणि चकचकीत भाग धारेवर भेटतात, मध्ये रेघ पुसट होत नाही. किंमत धातूची नसून त्या हातकामाची आहे, हे गिऱ्हाइकाला नुसत्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे होतं. नाहीतर आपटलं असतं.

आणि कुंपणच नसलं की काय होतं? पिअर कार्दां. पॅरिसचा मोठा फॅशन डिझायनर. नाव वापरायचे परवाने वाटत सुटला, ८०० च्या वर. परवान्याचा पैसा फुकटचा: माल दुसऱ्याने बनवायचा, विकायचा, तुम्ही टक्केवारी घ्यायची. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात पिअर कार्डिनचं पेन मिळतं ते याच वाटेने आलेलं. पेन वाईट नाही, पण त्या नावाचा सूट आता कोण लाखांत घेईल?

---

उंबरठा

+१. पिअर कार्डिन म्हणजे पेनाची कंपनी अशीच अनेकांची समजूत असते.

---

साधामाणूस

इतकं सगळं वाचून एकच वाटलं, हा शुद्ध मार्केटिंगचा खेळ आहे. पाचशे रुपयांचं सेलवरचं घड्याळ रोलेक्सहून अचूक वेळ दाखवतं. एचएमटीच्या जनता घड्याळानेही वेळच दाखवली.

---

लोलक

अचूकतेबद्दल तुमचं खरं आहे. साधं क्वार्ट्झ (बॅटरीवर चालणारं) महिन्याला १५ सेकंद इकडेतिकडे जातं. सीओएससी या स्विस तपासणी संस्थेच्या क्रोनोमीटर प्रमाणपत्राला दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतात. ही चाचणी केसमध्ये न बसवलेल्या मशीनवर होते: १५ दिवस, पाच स्थिती, ८, २३ आणि ३८ अंश तापमान. रोलेक्स त्यावर केसमध्ये बसवल्यानंतर पुन्हा तपासते आणि २०१५ पासून तिची मर्यादा दिवसाला अधिक-उणे २ सेकंद आहे. तरीही क्वार्ट्झपुढे हरतंच.

पण बघा, सेइकोने २५ डिसेंबर १९६९ ला ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ आणलं तेव्हा स्विस धंदा याच युक्तिवादाने मेला. १९७० मधले सुमारे ९० हजार कामगार ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तीसेक हजारांवर आले. रोलेक्सनेही क्वार्ट्झ केलं होतं, १९७७ चं ऑयस्टरक्वार्ट्झ. केसची कामगिरी अप्रतिम, पण संख्या थोडी ठेवली आणि मुख्य माल यांत्रिकच. अचूकता ही विकायची गोष्ट उरली नाही, तेव्हा टिकाऊपणा आणि दुरुस्तीची हमी विकायला घेतली.

आणि तिथे माल खरा आहे. १९८५ पासून हळूहळू ९०४एल स्टील वापरात आणलं. नेहमीच्या ३१६एल पेक्षा क्षारांना जास्त दाद न देणारं, पण कापायला चिवट, हत्यारं लवकर झिजतात. चावीच्या आट्यांच्या खोबणीत घाम साठून जिथे खड्डे पडायचे तिथे त्याचा उपयोग होतो. सोनं स्वतःच्या भट्टीत ओततात. जनता घड्याळातलं ०२३१ मशीनही चिवट, १७ माणकांचं, गल्लीतला कारागीर उघडून साफ करू शकेल असं. फरक एवढाच की २०१६ मध्ये एचएमटीचं घड्याळ खातं बंद झालं, आणि सुटे भाग आता जुन्या घड्याळांतून काढावे लागतात.

---

गल्ला

साधामाणूस, मार्केटिंग हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरताय, पण जुन्या मालाचा बाजार सांभाळणं हेही त्यातच येतं. डिसेंबर २०२२ मध्ये रोलेक्सने वापरलेली घड्याळं स्वतः प्रमाणित करून अधिकृत दुकानांतून विकायची योजना काढली. सुरुवातीला किमान तीन वर्षं जुनं घड्याळ, आणि त्यावर दोन वर्षांची हमी. पहिला दुकानदार बुखरर, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती दुकानांची साखळीच विकत घेतली. दुसऱ्या हाताच्या भावावरही हात ठेवला.

ताब्याची दुसरी बाजूही लिहायला हवी. दुकानदारांना ऑनलाइन विक्रीची बंदी घातल्याबद्दल फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२३ मध्ये रोलेक्सला ९ कोटी १६ लाख युरोचा दंड केला. नकली मालाला आळा म्हणून बंदी आहे, असा बचाव होता. तोच धोका असलेले स्पर्धक अटी घालून ऑनलाइन विकू देतात, म्हणून तो टिकला नाही. आणि काही दुकानदार यादीत वर सरकवण्यासाठी न खपणारे दागिने गळ्यात मारतात. या मोहापायी अख्ख्या ब्रँडचं नाव खराब होतं.

---

मनगट

समजलं. भारतातून घ्यायचं तर हिशेब काय पडतो?

---

झरोका

स्वित्झर्लंडशी झालेला व्यापार करार लागू होण्याआधीचा हिशेब असा. कस्टम्सने धरलेली किंमत १००. मूळ शुल्क २०. त्या २० वर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे २. झाले १२२. त्यावर १८ टक्के जीएसटी, २१.९६. एकूण १४३.९६. करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे आणि स्विस घड्याळांवरचं शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचं आहे. जीएसटी राहणारच. शुल्क उतरलं की दुकानातली किंमत तेवढीच उतरेल असं मात्र धरू नका.

२ लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो. १० लाखांच्या वरच्या घड्याळावर दुकानदार १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) घेतो, हा एप्रिल २०२५ मध्ये आलेला नियम. विवरणपत्र भरताना तो टक्का वजा करून मिळतो, तेव्हा २६एएस या आयकराच्या जमा-तक्त्यात दिसतोय का ते तपासा. बरेच जण विसरतात.

---

उंबरठा

जुनं घेणाऱ्यांसाठी: 'मुंबई स्पेशल' कसं ओळखायचं ते कोणीतरी लिहा. जगभरच्या घड्याळ मंडळींत हा शब्द रूढ झालाय आणि त्यात अभिमान वाटावा असं काही नाही.

---

लोलक

लिहितो. मुंबई स्पेशल म्हणजे जुन्या एचएमटी, फेवर ल्युबा, वेस्ट एंड वगैरेंचा डायल खरवडून पुन्हा रंगवलेला, आणि मशीन, केस, काटे तीन ठिकाणांहून जमवलेले.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात, पुनर्रंगात जाड आणि पसरट. मिनिटांच्या रेघा मोजा, ६० यायला हव्यात आणि टोकं एकाच वर्तुळावर. स्विस घड्याळ असेल तर सहाच्या आकड्याखालची 'स्विस मेड' ओळ गायब असते किंवा कडेत अर्धी कापलेली. डायलवरचा चमकणारा रंग आणि काट्यांवरचा एकाच वयाचा दिसला पाहिजे, एक पिवळा आणि एक पांढराशुभ्र असेल तर बदललेला. नारिंगी, पोपटी, जांभळा डायल दिसला की ९० टक्के काम झालं, कारण कंपनीने बहुधा तो रंग काढलेलाच नसतो. केसची शिंगं (पट्टा अडकवायची टोकं) पॉलिश करून गोल झालीत का बघा. शेवटी झाकण उघडून घ्या: एचएमटीच्या केसमध्ये एफएचएफ किंवा एएस या स्विस कंपन्यांचं मशीन असेल तर ते घड्याळ म्हणून चालेल, एचएमटी म्हणून पैसे देऊ नका. विकणारा झाकण उघडायला तयार नसेल तर बाकीच्या तपासणीत वेळ घालवू नका.